रंग जुळवणारा साडू

वेल्ह्यापासून भोरपर्यंत परक्या बायकांच्या तोंडाकडे भर उजेडात, चष्मा पुसून पुसून निरखून बघणारा आणि तरीही आजवर एकाही बाईची चप्पल न खाल्लेला पुरुष एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. दुसरा कोणी असता तर लोकांनी पासलीच्या चढावरून खाली लोटून दिला असता. याला मात्र बसायला घोंगडी टाकतात आणि जाताना पिशवीत तांदूळ घालून देतात. का, तर हा ज्या त्या बाईच्या कातडीला शोभेल अशी पावडर देतो. स्वस्तात देतो, बघून देतो आणि गरज नसेल तर देतच नाही. हे सगळं मला पहिल्यापासून खुपत आलेलं आहे. मी लिहायला बसलोय ते काही त्याचं कौतुक करायला नाही. मधेच कुठं झालं तर माझा नाइलाज आहे.

माझ्या बायकोची धाकटी बहीण भाटघरला दिली, तिचा हा नवरा. उंच, वाळका, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सारी उमर भोरच्या एका गॅरेजात गाड्या रंगवण्यात गेली. टेम्पोचं दार चेपलं तर ठोकून सरळ करणारे रग्गड होते, पण ठोकलेल्या जागी जुन्या रंगात मिसळून जाईल असा रंग लावणारा हा एकटा. त्याचं म्हणणं असं की टेम्पोनं दोन उन्हाळे खाल्ले की तो डब्यातल्या रंगाचा राहतच नाही, त्याचा स्वतःचा एक रंग होतो, आणि तो बघूनच कालवावा लागतो. लोक म्हणायचे, याच्या हातची गाडी आरशासारखी होते. मी म्हणायचो, गाडीत तोंड बघायचं कुणाला असतंय. तेव्हा मला काय ठाऊक, हा पुढं तोंडंच रंगवायला निघणार आहे.

झालं असं, की माझ्या मेव्हणीच्या गालांवर वांग उठले. तिनं बाजारात रस्त्यावर बसलेल्या कोणाकडून तरी गोरं करणारं मलम घेतलं आणि आठवडा जायच्या आत गालाची सालं निघाली. बाई पदरानं तोंड झाकून भाकऱ्या करायला लागली. साडूनं पहिल्यांदा त्या मलमवाल्याला शोधलं, तो काही सापडला नाही. मग हा गाडीचा रंग आणायला पुण्याला जायचा तिथं चौकशा करत सुटला, की बाईच्या तोंडाला न भाजणारं काय असतं. त्यातून त्याला ही खनिजांची पावडर कळली. अभ्रकाची भुकटी, जस्ताची भुकटी आणि रंगासाठी लोखंडाचा गंज. वास नाही, तेल नाही, झगमग नाही. मला तो म्हणाला, "पाव्हणं, जलमभर पत्र्याचा गंज खरडला, आता त्योच गंज बायकूच्या गालाला लावतुया." आणि खरं सांगायचं तर मेव्हणीचा गाल बरा झाल्यावर त्यानं जी पावडर कालवून दिली, ती लावलेली दिसलीच नाही. नुसते वांग दिसेनासे झाले. तिथून याला चळ लागला.

चळ म्हणजे कसा, तर नवा रंग कालवला की पहिल्यांदा स्वतःच्या जबड्यावर ओढून बघायचा. बायकांना हात लावायचा नाही, हा त्याचा नेम, म्हणून मग सगळी परीक्षा स्वतःच्या तोंडावर. चेलाडीच्या फाट्यावर एसटी बदलून हा आमच्याकडे यायचा तेव्हा त्याच्या डाव्या जबड्यावर तीन पट्टे असायचे, एक गव्हाळ, एक तांबूस, एक शेणानं सारवल्यासारखा. कंडक्टर त्याला बघून तिकीट द्यायच्या आधी विचारायचा, "काका, खरचटलं का काय?" हा म्हणायचा, "न्हाई, वाळायचंय अजून." हळद लागलेल्या नवरदेवाला लाज वाटते तेवढीही याला वाटायची नाही. आमच्या गावात पोरं त्याला बघून आपल्या गालावर कोळशानं रेघा ओढून फिरायची, तर त्यांच्याही तोंडाकडे बघून हा सांगणार, "ह्याचा आजा सावळा होता बघा, कानामागं रंग उतरलाय."

पावडरी ठेवायचा चुन्याच्या डब्यांत. तंबाखूला लागतो त्या चुन्याच्या चपट्या डब्या गावोगाव गोळा करून, घासून, उकळून त्यात भरायच्या, कारण मोठा डबा घेतला की बाईचे पैसे अडकतात आणि अर्धी पावडर उंदीर सांडतात. चिमूटभर घ्या, महिनाभर लावा, पटली तर पुन्हा घ्या, असा त्याचा व्यापार. त्यातून सुटतंय ते एसटीच्या भाड्यात जातंय, असं मेव्हणी म्हणते. त्या डब्यांनी माझा एकदा चांगलाच पोपट केला. ओसरीवर आम्ही दोघं बसलेलो, माझी डबी आणि त्याच्या डब्या शेजारी शेजारी. मी बोलण्याच्या नादात हातावर तंबाखू घेतली, डबी उघडली, बोटानं उचललं, चोळलं आणि दाढेत धरलं. तोंडात नुसती माती. थुंकलो तर अंगण गुलाबी. हा पठ्ठ्या हसला नाही. वाकून थुंकीकडे बघितलं आणि म्हणाला, "पाव्हणं, पाटलाच्या सुनंची होती ती. तेलकट कातडीची. तुमच्या जिभंला न्हाई जुळायची." आतून माझी बायको अशी हसली, की तिचा ठसका ऐकून शेजारीण पाणी घेऊन आली. चाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्या कुठल्या बोलण्यावर तशी हसल्याचं मला आठवत नाही.

त्याची बघायची रीत न्यारी. घरात शिरायचा नाही. ट्यूबलाइटखाली रंग बघणं म्हणजे डोळ्यात धूळ टाकून घेणं, असं त्याचं ठाम मत. सकाळचं ऊन अंगणात उतरलं की उंबऱ्यावर बाईनं बसायचं, तोंड नुसत्या पाण्यानं धुतलेलं, आणि याने चार हात लांब पाटावर. मग प्रश्न. धुतल्यावर तोंड ओढल्यासारखं वाटतं का? दुपारच्याला नाकावर हात फिरवला तर बोट चमकतं का? कशानं खाजतं? चुलीपुढं किती वेळ असता? पतंगाचा पातळ कागद द्यायचा आणि दुपारी कपाळाला, नाकाला, गालाला टेकवून दाखवा म्हणायचा. कागदावर तेलाचे डाग कुठं पडले ते बघून ठरवायचा. कोरडी कातडी असली की सांगायचा, "पत्रा कोरा हाय, आधी अस्तर लागंल." म्हणजे आधी खोबरेल नाहीतर साधं मलम बोटानं जिरवा, मग घोट दोन घोट पाणी पिऊन होईस्तोवर थांबा, मग पावडर, तीही कमी, नाहीतर सुरकुतीत जाऊन बसते. तेलकट असली की तेल लावायचंच नाही, पावडर पातळ पातळ दोनदा, एकदाच थापली की दुपारपर्यंत चिखल. एखादीला सगळंच खाजत असलं तर तिला डबीच द्यायचा नाही. कागदाच्या पुडीत चिमूट बांधून द्यायचा. रात्री कानामागं लावून झोपा, उठल्यावर लाल झालं तर मला शिव्या घाला आणि पुडी चुलीत टाका. आणि नाक तेलकट पण गाल कोरडे अशीही बाई असते म्हणे. तिला दोन रीती सांगायचा आणि वर म्हणायचा, "दोन शेतं हायती एका बांधाला, एक पाणथळ, एक माळ." बायकांना हे बरोबर समजायचं. मला एवढंच समजायचं, की माझी बायको तोंड धुऊन, केस मागं बांधून, मान वर करून उन्हात बसलीय आणि हा तिच्याकडे बघतोय. मी मधे जाऊन उभा राहिलो तर म्हणायचा, "पाव्हणं, जरा बाजूला व्हा. अक्काच्या तोंडावर तुमची सावली पडतीया."

एक मात्र त्याच्यात खोड होती, ती धंद्याला मारक. तो कोणाला गोरं करायचा नाही. बाई आली की पहिलं मागणार, जरा उजळ द्या. हा तिच्या जबड्याशी, मानेच्या वर जिथं उन्हाचा आणि सावलीचा रंग मिळतो तिथं बघणार आणि बरोबर तोच रंग देणार. "उजळ पायजे तर भिताडाला चुना लावा, तोंडाला का?" असं तोंडावर बोलणार. यावरून एकदा लग्नात तमाशा झाला. वेल्ह्याला माझ्या पुतण्याचं लग्न, नवरी पार्लरमधून सजवून आणलेली. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, मी अक्षता घेऊन उभा, आणि माझ्या कानाशी हा पुटपुटतोय, "मान ऱ्हायली." मी म्हटलं, "गप ऱ्हा." अक्षता टाकल्या. हा पुन्हा, "तोंड एकीकडं, मान एकीकडं. डोकं कुणाचं, धड कुणाचं." एवढ्यात मंगलाष्टक संपून सगळं गप्प झालं आणि याचं शेवटचं वाक्य नवरीच्या मामाच्या कानावर गेलं. मामा अंगानं भरलेला होता. मी मधे पडलो म्हणून साडूचा चष्मा वाचला. आणि गंमत बघा, आठ दिवसांनी तीच नवरी, नवऱ्याला घेऊन याच्या दारात. काका, मानेला जुळंल अशी द्या. त्या दिवसापासून तो पुतण्या मला बाजारात नुसती मान डोलावतो आणि याच्या मात्र पाया पडतो.

पानशेतकडच्या एका खानावळवालीनं त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पुण्याची गिऱ्हाइकं येतात, जरा नीटनेटकं दिसावं म्हणून. हा गेला, तिला भट्टीपुढं उभी बघितली, जेवला आणि एक डबीही न विकता परत आला. तिला सांगून आला, "घामावर काय बी टिकत न्हाई. तोंड धुवा, टिकली लावा, बास." मी म्हटलं, "मग गेलता कशाला एवढं भाडं घालून?" तर म्हणाला, "त्याबिगर कळलं कसं असतं?" आता अशा माणसाशी काय बोलायचं.

माझ्या बायकोला तो अक्का म्हणायचा, कारण ती मोठी. ती त्याला पाव्हणं म्हणायची. तिची कातडी कोरडी, थंडीत तर पोपडे निघायचे, आणि गालफडांवर भाताच्या आवणात राबून राबून बसलेली काळसर झाक. तिच्यासाठी त्यानं वेगळी डबी कालवली होती. ती लग्नाकार्याला लावायची, जत्रेला लावायची आणि हा येणार असला की लावायची. माझ्यासाठी कधी लावली नाही. मी एकदा तसं बोलून दाखवलं. ती भाकरी थापत होती, मागं न बघता म्हणाली, "तुमच्यासाठी लावायची तर तुमी बघाया नगं? तुमाला माजी पाठच ठावं." मी म्हटलं, "आणि त्याला?" तर म्हणाली, "त्यांचं कामच हाय बघायचं. इचारत्यात तरी, अक्का कुठं खाजतंय का म्हणून." यावर मी उठून गोठ्यात गेलो. बैलं विचारत बसत नाहीत, म्हणून मला ती बरी वाटतात.

त्यात त्या ब्रशाचं प्रकरण. पावडर लावायचा ब्रश पावडरीपेक्षा महाग, हे साडूला परवडेना. त्यानं शोधून काढलं, की दाढीचा ब्रश नवा घेतला, नीट धुऊन वाळवला, की त्याहून गुबगुबीत काही नाही. टोकं बुडवायची, झटकायची आणि गोल गोल फिरवायची. सगळ्या वेल्ह्यातल्या न्हाव्यांना आणि किराणावाल्यांना कळेना की पुरुष अचानक एवढी दाढी का करायला लागले. आमच्या हिला नवा आणायचा धीर निघाला नाही. माझाच घेतला. मी सकाळी साबण घेऊन बसलो तर ब्रश नाही. आत जाऊन बघतो तर देवळीत, आरशासमोर, कोरडा ठणठणीत, टोकं गव्हाळ. मी म्हटलं, "हे काय?" ती म्हणाली, "तुमच्या गालाला काय बी चालतंय. हातानं लावा फेस." तेव्हापासून मी हातानंच फेस लावतो. त्या ब्रशाला पुन्हा मी हात लावला नाही. आता तर नाहीच.

तीन वर्षांमागं मळणीच्या आधी हा असाच आला होता. ही उंबऱ्यावर बसली, नेहमीसारखी, तोंड धुऊन. यानं डब्या मांडल्या, चष्मा पुसला, बघितलं. पुन्हा पुसला. मग सगळ्या डब्या एकेक करून बंद केल्या. मला वाटलं, काही चुकलं. तो उठून माझ्याजवळ आला आणि पहिल्यांदाच मला बाजूला घेऊन म्हणाला, "पाव्हणं, अक्काचा रंग हाललाय. डोळ्याच्या कोपऱ्यात पिवळं दिसतंय, गालाखाली बी. आजच्या आज डाक्टरकडं न्या." मी बघितलं तर मला नेहमीचीच दिसली. तरी नेली. आधी वेल्हे, मग भोर, मग पुणे. पोटात आत काहीतरी वाढलेलं होतं, त्यानं पित्ताची वाट अडलेली. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तरी यात फार काही करता येत नाही. ते मला समजलं. पण डॉक्टरच्या आधी, माझ्या आधी, त्याला दिसलं, हे काही मला गिळता आलं नाही. मी रोज तिच्याबरोबर एका घरात होतो. तो महिन्यातून एकदा येणारा. माझ्या बायकोच्या तोंडावरची पहिली बातमी त्याला कळावी, याचा मला जो राग आला, तो तिच्या आजारावरही आला नाही.

ती गेली. शेवटी शेवटी हळद लावल्यासारखी पिवळी झाली होती. साडू माझ्यापेक्षा मोठ्यानं रडला, लोकांनी आधी त्याला धरलं. नंतर दहावं, तेरावं, सगळं रीतीनं झालं. तो मेव्हणीला घेऊन एसटीत बसून गेला, दोघं शेजारी शेजारी, तिची पिशवी याच्या मांडीवर. माणसाचं मन किती हलकं असतं ते मला त्या स्टँडवर कळलं. मला त्याच्या डब्यांचा, त्याच्या मानाचा, कशाकशाचा हेवा वाटला होता आजवर, पण ते सगळं एकीकडे. त्याच्या शेजारी बाई बसली होती.

वर्षश्राद्ध आलं तेव्हा मुलगा म्हणाला, आईचा मोठा फोटो करू. आमच्याकडं पुतण्याच्या लग्नातला एकच धड फोटो, त्यात ही घोळक्यात कडेला. भोरच्या स्टुडिओत दिला. मोठा करून, चौकटीत बसवून आणला, सून म्हणाली, "किती छान दिसतात आई." मी बघितलं. गोरीपान, गुळगुळीत, गालावर एक डाग नाही. ओठ लाल. दुसऱ्या कोणाची तरी बायको. मी म्हटलं, "ही कोण?" मुलगा म्हणाला, "आबा, सगळे असंच करून घेतात आता." पण मला भीती वाटली ती वेगळीच होती. ती गेल्यापासून मी डोळे मिटले, की मला पिवळीच दिसायची. हॉस्पिटलातली. त्याच्या आधीची, चाळीस वर्षांची, काही केल्या समोर येईना. मला वाटलं होतं, फोटो आला की ती येईल. आणि फोटोत ही पांढरी. म्हणजे एक पिवळी, एक पांढरी, आणि माझी कुठंच नाही. बारा दिवस त्या चौकटीचं तोंड भिंतीकडं करून ठेवलं, आणि मग जे कधी करणार नव्हतो ते केलं. साडूला फोन लावला.

"अक्काचा रंग तुमच्याकडं हाय का?" मी विचारलं. दुसरं काही विचारायला सुचलं नाही. तो म्हणाला, "उद्या भोरच्या स्टँडवर या. फोटू घेऊन."

स्टुडिओवाला भला माणूस होता. त्याने फोटो संगणकावर पुन्हा उघडला आणि म्हणाला, "बाबा, सांगा कसा हवा." साडूनं फोटोकडे एकदा बघितलं आणि तोंड असं केलं की मला नवरीचा मामा आठवला. मग म्हणाला, "सांगून कळत न्हाई. दावावं लागतंय." त्यानं मला धरून बाहेर दुकानाच्या पायरीवर उन्हात आणलं, माझा डावा हात ओढून घेतला, शर्टाची बाही वर सारली आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं ऊन लागत नाही तिथं, डब्यांतून चिमूट चिमूट घेऊन बोटानं घोटायला लागला. रस्त्यावरून माणसं चाललेली. दोन म्हातारे एकमेकांचा हात धरून बसलेत, एक दुसऱ्याला पावडर लावतोय. एक जण थांबून विचारून गेला, गोंदवताय का. घोटून झाल्यावर साडूनं हात उजेडाला तिरपा केला आणि म्हणाला, "ही घ्या अक्का."

मी बघितलं. रंग चांगला होता. पण मी म्हटलं, "न्हाई."

"न्हाई कसं? माझ्या हातची डबी हाय. तोच कालव हाय."

"ती डबी लावलेली हाय," मी म्हटलं. "तुमी आला की लावायची ती. तुमास्नी तोंड धुतलेली म्हाईत हाय, न्हाईतर लावलेली. मला तशी नगं."

तो माझ्याकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा रंगाच्या बाबतीत मी त्याला खोटं पाडलं होतं. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, अस्तर, पत्रा, काहीतरी. त्यानं नुसता चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "मग सांगा. तुमीच सांगा. कशी होती?"

आणि मला सांगता येईना. मी उन्हात डोळे मिटून बसलो. पहिल्यांदा पिवळीच आली. मी म्हटलं, "आवणात वाकलेली असायची, तवा वर बघितलं की इथं, गालाच्या हाडावर, भाजल्यावाणी." त्याने गडद चिमूट टाकली. "आणखी," मी म्हटलं. "चुलीपुढनं उठली की कपाळ तांबूस." त्याने गेरूसारखी टाकली. "थंडीत जरा राखेवाणी व्हायची. ओठाच्या कडंला." तो घोटत राहिला. मी बोलत गेलो. कुठल्या उन्हाळ्यात ती माहेराहून चालत आली, तेव्हाची. पोरगा झाला तेव्हाची. भांडून दोन दिवस बोलली नव्हती तेव्हा कानाच्या पाळीपर्यंत चढलेली. मला ठाऊक नव्हतं, एवढं मी बघून ठेवलंय. मी पाठच बघत होतो, असं तीच म्हणायची. मधेच केव्हातरी डोळे उघडून मनगटाकडे बघितलं आणि तोंडातून निघालं, "थांबा."

त्याने बोट उचललं.

"हीच," मी म्हटलं.

साडू त्या डागाकडे खूप वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "व्हय. हीच." आता त्याला खरंच तशी दिसली, का माझ्यासाठी म्हणाला, ते मी आजवर विचारलेलं नाही आणि विचारणार नाही.

माझा हात संगणकाच्या पडद्याशेजारी धरून स्टुडिओवाल्यानं तासभर तो रंग फोटोत आणला. डाग परत आणले, काळसर झाक आणली. मधे मधे आम्ही दोघं बोलत होतो, गाल जरा आणखी, नाक नको, मान सोडा. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "काका, लोक पैसे देऊन डाग काढून घेतात." साडू म्हणाला, "आमी देऊन लावून घेतोय." येताना एसटीत मी डावा हात छातीशी धरून बसलो होतो. शेजारच्या बाईनं विचारलं, दुखतंय का. मी म्हटलं, थोडंसं. चेलाडीला पोचेस्तोवर घामानं अर्धं गेलं होतं, घरी पोचलो तेव्हा मनगट पुन्हा माझंच होतं.

आता फोटो ओसरीवर आहे, दारातून उजेड येतो त्या भिंतीवर. डोळे मिटले की अजूनही कधी कधी पिवळी येते, पण रोज नाही. साडू महिन्यातून एकदा येतोच. पावडर घेणाऱ्या बायका संपल्या की पाट उचलून ओसरीवर फोटोसमोर आणतो आणि बसतो. चष्मा पुसतो. "अक्का, बरं हाय नव्हं," एवढंच म्हणतो, आणि मग बघत राहतो, तसंच पूर्वीसारखं, चार हात लांबून. मी आजही जळतो. सत्तरीला आलो म्हणून विझलो, असं कोणी समजू नये. मी उठतो, आत जातो, चूल पेटवतो, त्याच्यासाठी चहा ठेवतो. चहा झालेला असतो केव्हाच. तरी मी आतच बसून राहतो थोडा वेळ, दोघांना बघू देतो एकमेकांकडं.